मानव विकासची सायकल: पाच हजारांत काय येतं, कुठे अडतं आणि हिशेब कोणाला विचारायचा

महाराष्ट्र सरकार मागास तालुक्यांसाठी मानव विकास कार्यक्रम चालवतं. त्यातली, शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकल घ्यायला पैसे देणारी योजना कागदावर चांगली बेतलेली आहे. गरज खरी, रक्कम ठरलेली, पैसे थेट मुलीच्या खात्यात. तिची तपासणी मात्र पावतीपाशी येऊन थांबते. पावती फाइलला लागली की सरकारच्या लेखी सायकल आली. ती रस्त्यावर आहे का, कोण चालवतं, मुळात घेतली का, हे पाहण्याची सोय नाही. म्हणून या योजनेचं परीक्षण दोन बाजूंनी करावं लागतं: अर्ज करणाऱ्या घराच्या आणि हिशेब विचारणाऱ्या गावाच्या.

आधी पात्रता. राज्यातल्या 23 जिल्ह्यांतले 125 मागास तालुके या कार्यक्रमात येतात. गडचिरोली आणि नंदुरबार ही ठळक नावं. या तालुक्यांत जिल्हा परिषद, शासकीय किंवा अनुदानित शाळेत आठवी ते बारावीत शिकणारी, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणारी गरजू मुलगी अर्ज करू शकते. आश्रमशाळेत न राहता रोज ये-जा करणाऱ्या मुलीही यात येतात. लाभ एकदाच मिळतो. पाच किलोमीटरच्या पलीकडच्या मुलींसाठी याच कार्यक्रमातून एसटीच्या निळ्या बस चालतात. आखणी सरळ आहे, पण साडेपाच किलोमीटरवरच्या ज्या वस्तीत बस वळतच नाही, तिथली मुलगी दोन्हींतून सुटते. अशा वेळी अंतर कोणत्या रस्त्यानं मोजलं हे मुख्याध्यापकांना विचारावं. शेताच्या बांधावरून 4 किलोमीटर आणि डांबरी रस्त्यानं 6, असा फरक खेड्यात नेहमीचा.

रक्कम. आधी 3500 रुपये होती, फेब्रुवारी 2022 मध्ये 5000 झाली. पण पाच हजार एकदम हातात पडत नाहीत. पहिल्या टप्प्यात 3500 खात्यावर येतात, सायकल घेऊन पावती दिली की उरलेले 1500. म्हणजे दुकानात उभं राहताना घराला किमान दीड हजार स्वतःचे घालावे लागतात. ज्या घरासाठी योजना काढली, नेमकं त्याच घराला हे जड जातं. मग दोन वाटा निघतात. एक, ओळखीचा दुकानदार दीड हजार उधार ठेवतो आणि भाव आपल्या सोयीनं लावतो. दुसरी वाट वाईट: सायकल न घेता नुसती पावती घ्यायची. पहिले साडेतीन हजार बी-बियाण्यात गेलेले असतात आणि पावतीवर आणखी दीड हजार सुटतात. याला केवळ लबाडी म्हणून मोकळं होता येणार नाही. दोन टप्प्यांच्या रचनेतच ही फट आहे.

त्यात वेळापत्रकाची भर. शाळा जूनमध्ये उघडतात, विदर्भात महिनाअखेरीस. सायकल हवी असते तेव्हा. सरकारी पैसा मात्र मार्चअखेरीकडे बघून हलतो. निधी उशिरा उतरला की शिक्षण विभागाला 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो आणि शाळांना निरोप जातो, ‘पावत्या ताबडतोब पाठवा.’ घाईत गोळा केलेल्या पावत्या कोण तपासणार? बारावीच्या मुलीचं तर आणखी वेगळं. तिची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, पैसे मार्चमध्ये आले तर सायकल कॉलेजच्या रस्त्याला लागायची कधी? म्हणून पक्का सल्ला: अर्ज आठवीतच करावा. ‘दहावीनंतर बघू’ म्हणण्यात तीन वर्षं वाया जातात.

अर्ज शाळेतच द्यायचा, त्यासाठी दलाल लागत नाही. आधार, रहिवासाचा पुरावा, शाळेचा दाखला आणि मुलीच्या नावाचं पासबुक एवढी कागदपत्रं साधारण पुरतात. कुठे अडतं तर बहुतेक वेळा बँकेत. शाळेच्या रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकवर तिसरंच स्पेलिंग. हे आधी एकसारखं करून घ्यावं. आधारवर आधारलेलं पेमेंट असेल तर पैसे ज्या बँकेला आधार शेवटी जोडला त्या खात्यात जातात. अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ‘पैसे आलेच नाहीत’ अशा तक्रारीत कित्येकदा ते भलत्याच खात्यात पडून असतात. आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे हे आधारच्या संकेतस्थळावर फुकट कळतं. खाते क्रमांकावर पेमेंट होत असेल तर आयएफएससी कोड, म्हणजे बँकेच्या शाखेची खूण, तपासावा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. ज्यांची पासबुकं त्याआधीची आहेत त्यांनी चालू कोड शाखेतून लिहून घ्यावा, नाहीतर रक्कम परत जाते आणि फाइल पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

आता सायकल. नावाजलेल्या कंपनीची 26 इंची लेडीज सायकल, कॅरिअर, स्टँड, बास्केट आणि कुलपासकट, पाच हजारांत मिळवायला दुकानं फिरावी लागतात. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. करापूर्वी 5000 ची सायकल तेव्हा 5600 ला पडायची, ती आता 5250 ला यायला हवी. दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर पावतीवर कराचा आकडा वेगळा लिहायला सांगावा, म्हणजे भाव आपोआप सरळ होतो. कंपोझिशनवाला, म्हणजे जीएसटीच्या सोप्या योजनेत ठोक दरानं कर भरणारा छोटा दुकानदार मात्र कर वेगळा दाखवू शकत नाही, त्याचं बिल साधं असतं. असं बिल कार्यालयात चालेल का हे सायकल घेण्याआधी शाळेत विचारावं. घेतल्यानंतर विचारलं तर ‘जीएसटीचं बिल आणा’ हे उत्तर ठरलेलं, आणि दीड हजार अडकले.

गिअरची, जाड टायरची, शॉकअप लावलेली सायकल या पैशांत घेऊ नये. या किमतीतले गिअर आणि शॉक लवकर खिळखिळे होतात आणि गावात ते दुरुस्त करणारा सापडत नाही. साधी एका चकतीची, चेन कव्हर असलेली सायकल घ्यावी. ओढणी चेनमध्ये अडकणं हा खरा धोका आहे. पॅडलवर, मागे आणि आऱ्यांत रिफ्लेक्टर हवेतच. हिवाळ्यात शाळा सुटून घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेवावी. ‘वाढत्या अंगाची आहे, मोठी घ्या’ हा सल्ला कपड्यांना ठीक.

फिटिंगवर नजर ठेवा, खरी गडबड तिथेच होते. सायकल दुकानात अर्धवट जोडलेली येते आणि उरलेलं काम दुकानातला पोऱ्या वीस मिनिटांत उरकतो. चाक उचलून फिरवावं आणि रिम ब्रेकच्या रबरांमधून कशी जाते ते बघावं. एका बाजूला घासत असेल तर चाक आऊट आहे, आरे तिथेच ओढून घ्यावेत. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, धरून आडवा हलवावा. खटखट आली तर त्याला जागेवर जखडणारी खीळ, कॉटर पिन, नीट बसलेली नाही. तशीच चालवली तर पिन झिजते, मग क्रँकचं भोक खराब होतं आणि शंभरात होणारं काम पाचशेवर जातं. नवे आरे पहिल्या काही दिवसांत सैल पडतातच. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी एकदा फुकट आवळून देण्याचं दुकानदाराकडून पावतीच्या मागे लिहून घ्यावं. अनुदानात दुरुस्तीचा एक रुपयाही धरलेला नाही. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन हा खर्च घराचाच. खडीच्या रस्त्यावर मागचा टायर आधी जातो, दप्तर कॅरिअरवर असेल तर आणखी लवकर.

पावतीवर मुलीचं पूर्ण नाव, तारीख, रक्कम, दुकानाचा शिक्का एवढं सगळे घेतात. राहतो तो फ्रेम नंबर. प्रत्येक कंपनीच्या सायकलवर तो ठोकलेला असतो: पॅडलच्या बुडाखाली नळीवर, सीटखालच्या नळीवर किंवा हँडलच्या मानेवर. पावतीवर तो लिहिला तर पावती एका ठरावीक सायकलशी बांधली जाते. लिहिला नाही तर एकच सायकल दहा पावत्यांना पुरते. शिक्षण विभागानं शाळेच्या नोंदवहीत फ्रेम नंबरचा एक रकाना वाढवला आणि वर्षातून एकदा शाळेच्या आवारात उभ्या सायकलींशी तो ताडून पाहिला, तर बनावट पावत्यांचा धंदा बसेल. याला ना ॲप लागतं ना कंत्राटदार. सध्या वर जातं ते उपयोगिता प्रमाणपत्र. इतका निधी आला, इतका खर्च झाला, इतक्या लाभार्थी. त्यात मुलगी शाळेत टिकली का हा रकाना नाही. योजना तर त्यासाठीच होती.

हिशेब विचारायचा तर पैशाची वाट माहीत हवी. निधी छत्रपती संभाजीनगरच्या मानव विकास आयुक्तालयाकडून जिल्ह्यात येतो. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि अंमलबजावणीला जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). माहिती अधिकाराचा अर्ज याच शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. भाषणबाजी नको, ‘भ्रष्टाचार झाला आहे का’ असला प्रश्न तर नकोच. त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ हेच उत्तर येतं. कागद मागावेत: अमुक वर्षी आपल्या तालुक्याला दिलेलं उद्दिष्ट आणि शाळानिहाय वाटणी, निधी मिळाल्याची तारीख, मुलींच्या खात्यात पहिला आणि दुसरा टप्पा जमा झाल्याच्या तारखा, दुसरा टप्पा थकलेल्या मुलींची संख्या, उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत. यातल्या तारखाच सगळ्यात जास्त बोलतात. निधी ऑगस्टमध्ये आला आणि खात्यात मार्चमध्ये पडला, तर मधले सात महिने कोणाच्या टेबलावर गेले हे विचारता येतं.

उत्तराची मुदत 30 दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, वीस रुपयांच्या स्टँपसह. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोग, आणि तिथली रांग लांब असते हे धरून चालावं. प्रती प्रतिपान दोन रुपयांनी पडतात. पावत्यांचा गठ्ठा मोठा असेल तर प्रती न मागता फाइल पाहायला मागावी, पहिला तास मोफत असतो. पावत्या क्रमानं पाहताना एकाच दुकानाच्या, सलग नंबरच्या, एकाच तारखेच्या पावत्या दिसल्या तर तिथे थांबावं. तेवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नये. तालुक्यात एकच दुकान असू शकतं, शाळेनं सगळ्या मुलींना एकत्र नेलेलंही असू शकतं. पुढचा प्रश्न मात्र विचारावा.

खरं तर यातलं बरंच काही अर्जाशिवाय मिळायला हवं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ख) मध्ये अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, रक्कम किती वाटली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायचं आहे. मुली अल्पवयीन आहेत, तेव्हा आधार आणि खाते क्रमांक झाकलेच पाहिजेत. शाळेचं नाव, मंजूर संख्या, जमा रक्कम आणि तारीख फलकावर लावायला काहीच हरकत नाही. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय लेखी देऊन घेता येतो. मुख्याध्यापक आले तर उत्तमच. नाही आले तरी इतिवृत्तात प्रश्न नोंदवला जातो आणि पुढच्या अपिलात त्याची प्रत उपयोगी पडते.

रोख द्यावी की सायकल, हा वाद जुना आहे. पश्चिम बंगालची 2015 ची सबूज साथी थेट सायकलच देते. बिहारनं 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी 2000 रुपये द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी बिहारच्या या योजनेचा अभ्यास केला, त्यात मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी 32 टक्क्यांनी वाढलेली आणि मुलगे-मुलींमधली दरी 40 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. महाराष्ट्रानं डिसेंबर 2016 नंतर वस्तूऐवजी खात्यात पैसे हा मार्ग धरला, आणि तो योग्य होता. निविदेतली सायकल नापसंत असली तरी घ्यावीच लागते, रोखीत निदान दुकान बदलता येतं. पण निविदेत गुणवत्ता तपासणीचा कागद तरी असे. रोखीत ती जबाबदारी गुपचूप पालकांवर सरकली आणि त्यांना कोणी सांगितलंही नाही.

तालुका 125 मध्ये नसेल तर जिल्हा परिषदेकडे बघावं. स्वउत्पन्नातला 10 टक्के महिला व बालकल्याणचा आणि 20 टक्के मागासवर्गीयांसाठीचा निधी असतो, आणि त्यातून पुष्कळ जिल्हा परिषदा मुलींना सायकली देतात. सायकल घ्यायची की शिलाई मशिन हे दरवर्षी ठरतं, त्यामुळे मागच्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असं नाही. पंचायत समितीत जूनपासून विचारत राहावं. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज यादी लागेपर्यंत गहाळ झालेला असतो.

गुण द्यायचे तर कल्पनेला पाचपैकी साडेचार, रकमेला तीन, वेळेला दीड, हिशेबाला एक. अर्ज जरूर करावा. आधार, पासबुक आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव उन्हाळ्याच्या सुट्टीतच जुळवून ठेवावं, कारण जूनमध्ये बँकेत पीककर्जाची रांग असते.