शेडेलचा १४९३ चा जगाचा नकाशा : संग्राहकाने घ्यावा का?

छत्रपती संभाजीनगरमध्ये जुन्या मुद्रित साहित्याच्या एका विक्रेत्याने जर्मन वैद्य हार्टमान शेडेलच्या न्यूरेंबर्ग बखरीतील (जगाच्या इतिहासाच्या सचित्र ग्रंथातील) जगाचा नकाशा संग्राहकांसाठी ठेवला आहे. अँटोन कोबर्गरच्या छापखान्यात १४९३ मध्ये लाकडी ठशांवरून छापलेला हा जोडपानी नकाशा सुमारे ३१ बाय ४३ सेंटिमीटरचा असून ग्रंथातून सुटा झालेला आहे.

विनंती करताच विक्रेत्याने तो चौकटीतून काढून दाखवला, ही मोठी जमेची बाजू, कारण जुन्या छापील कागदाची खरी परीक्षा त्याच्या पाठीवर होते. चिंध्यांपासून केलेला कागद अजून दमदार आहे आणि शाई काळीभोर आहे. कडेची वाऱ्यांची मुखे, तीन कोपऱ्यांत जग धरून उभे असलेले बायबलमधील नोहाचे पुत्र, डाव्या पट्टीतील सहा हातांचा पुरुष आणि लांब मानेचा माणूस या सर्वांच्या रेषा सुस्पष्ट उमटल्या आहेत. दोन पानांच्या सांध्यातील कोरी जागा नंतर लेखणीने भरली आहे, हे विक्रेत्याने लेखी नमूद केले आहे.

हाताने केलेले रंगकाम मात्र छपाईच्याच काळातील आहे, हे विक्रेत्याचे म्हणणे मला पटले नाही. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कालांतराने कागद तपकिरी करतो आणि त्याचा डाग बहुधा पाठीवर उतरतो. येथे पाठ स्वच्छ आहे. एवढ्यावरून निर्णय देता येत नसला, तरी त्या रंगापोटी जास्त पैसे मोजण्यापूर्वी तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. विक्रेत्याचा ‘अत्यंत दुर्मिळ’ हा शब्दही जपून वाचावा, कारण पंधराव्या शतकातील छापील ग्रंथांपैकी याच ग्रंथाच्या प्रती मोठ्या संख्येने टिकून आहेत.

आपल्या भागातील ग्राहकाला हा नकाशा ‘प्राचीन दख्खनचे दर्शन’ म्हणून दाखवला जातो, हे मला सर्वाधिक खटकले. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीच्या भूगोलग्रंथात पैठण आणि तेर, म्हणजे त्याचे बैठण आणि तगर, अक्षांश-रेखांशांसह नोंदलेले आहेत, हे खरे. पण शेडेलच्या नकाशात टॉलेमीच्या जगाची केवळ ढोबळ बाह्यरेषा आहे, भारताचे द्वीपकल्प जवळजवळ सपाट झालेले आहे आणि ही दोन्ही नावे त्यात नाहीत. पैठणसाठीच जुना नकाशा हवा असेल, त्याने टॉलेमीच्या मुद्रित आवृत्त्यांतील आशियाचा दहावा नकाशा, म्हणजे गंगेच्या अलीकडील भारताचा नकाशा, शोधावा.

कोलंबस १४९३ च्या मार्चमध्ये परतला आणि हा ग्रंथ जुलैमध्ये छापून झाला, तरी त्यात नव्या भूमीचा मागमूस नाही. जुन्या जगाची समजूत मोडण्याआधीचा हा दस्तऐवज म्हणून मला तो मनापासून मोलाचा वाटतो. रंगकामाचा वाढीव भाव वगळून किंमत ठरली आणि सांध्यातील दुरुस्तीची नोंद पावतीवर आली, तर तो जरूर घ्यावा.