तीस लिटरची ब्रूइंग केटल, लातूरचं बोअरचं पाणी आणि बुडाखालचं बटण

परवा ऐन उकळीला केटल पुन्हा बंद पडली, म्हणून हा रिव्ह्यू लिहायला घेतला. नाहीतर बरं लिहिणार होतो.

वस्तू म्हणजे बिअरसाठी धान्य भिजवून त्याचा रस उकळायची विजेची केटल. 2500 वॅट, आत जाळीचा डबा, पंप, आकडे दाखवणारा कंट्रोलर. ते सोडून थेट बटणावर येतो. तळ जास्त तापला की करंट तोडणारा कट-आउट असतो. तो असावाच, तक्रार नाही. पण तो परत चालू करायचं बटण केटलच्या बुडाखाली आहे. बुडाखाली! म्हणजे पंचवीस लिटर उकळता काळा रस आत असताना केटल आडवी करायची आणि खाली बोट घालायचं.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. "सर, मशीन रिकामी करून उलटी करा." अहो, आत उकळतंय. "मग थंड होऊ द्या सर." पुढच्या फोनला त्यानं ठरवून टाकलं की आमच्याकडचं व्होल्टेज खराब आहे. ते आहेच. संध्याकाळी 190 दिसतं, आणि 230 ला 2500 वॅट देणारी कॉइल 190 ला जेमतेम 1700 देते. 65 अंशांवरून उकळी यायला हिशेबानं पंचवीस मिनिटं लागावीत, तिथं पस्तीसच्या वर जातात. पण कमी व्होल्टेजनं तळ कमी तापतो की जास्त? हे विचारलं तर "सीनियरशी बोलून सांगतो". सीनियर अजून बोलताहेत.

कुणी विचारायच्या आधी सांगतो, मी यीस्ट टाकत नाही. विनापरवाना बिअर बनवणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 खाली गुन्हा आहे, आणि स्टाउटच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, हौसेपायी कोर्टाच्या खेपा मला परवडणार नाहीत. मी स्टाउटचा नुसता रस काढतो. माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) 66 अंशांच्या आसपास तासभर भिजवायचं, काळं भाजलेलं जव घालायचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकून उकळायचं, गार करून फ्रिजमध्ये. पिताना गार सोडा अर्धा-अर्धा. साखरेची दारू होत नाही, त्यामुळे गोड लागतं. म्हणून जव जरा जास्तच काळं भाजतो, कडवटपणा गोडावर चढतो. चार-पाच दिवसांत संपवायचं, बाहेर ठेवायचं नाही. हवेतलं यीस्ट परवाना मागत बसत नाही, बाटली फुटते. आमची माय पहिल्या दिवशी वासावर आली, "काय काढा उकळलालास रे?" आता सोडा घालून अर्धा ग्लास तीच मागते.

आता ज्यासाठी तारे कापता येत नाहीत ते. आमचं बोअरचं पाणी गीझरची कॉइल खातं, आरओचा मेम्ब्रेन खातं, डाळ शिजू देत नाही. मी सुरुवातीला आरओचंच पाणी वापरत होतो. एक बादली आरओला किती पाणी नाल्यात जातं ते बघून जीव तुटायचा. ज्या शहरानं 2016 ला रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तिथं हे करवत नाही. शेवटी सरळ बोअरचं घातलं, आणि स्टाउट सुधारली. कारण साधं आहे. या पाण्यात आंबटपणा मारणारं बायकार्बोनेट जास्त, भाजलेलं जव आंबटपणाकडे झुकणारं, दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात आणि भिजवणीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, हवा तसा 5.4 च्या आसपास येतो. डब्लिनचं पाणीही असंच, आणि काळी बिअर तिथं मुरली ती उगाच नाही. याच पाण्यात नुसतं फिकं माल्ट टाकून बघा, तुरट होतं.

या जोरावर केटलला चार तारे द्यायचे ठरलं होतं. मग परवाचं झालं.

कारण सापडलंय. भाजलेल्या जवाचं पीठ जाळीतून खाली उतरतं, तळाला बसतं, करपतं, कट-आउट पडतो. चक्कीवाल्याला "भरडा काढा, पीठ नको" असं दर वेळी सांगावं लागतं, कारण त्याच्या दृष्टीनं भरडा म्हणजे अर्धवट काम. आता उकळी लावायच्या आधी लाकडी उलथनं तळापर्यंत फिरवतो. फरक पडला. पण थोडं पीठ उतरणारच. प्रत्येकाकडे उतरणार, हे बनवणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. माहीत होतं म्हणूनच कट-आउट बसवला ना? मग बटण बाजूला बसवायला काय हरकत होती?

पुढचा प्रयोग ज्वारीच्या माल्टचा आहे. नायजेरियानं 1988 ला बार्लीची आयात बंद केली तेव्हा तिथली स्टाउट ज्वारीवर गेली. आमच्याकडे तर मालदांडी दारात आहे. फक्त मोड आलेल्या ज्वारीत तेच विष असतं ज्यानं जनावराला किराळ लागते, म्हणून वाळवून, मोड-मुळ्या चोळून काढल्याशिवाय हात लावणार नाही.

तोवर बटणाचा इलाज असा. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला, मधोमध मोकळा. केटल त्यावर बसते. बंद पडली की प्लग काढायचा, उलथन्यानं तळ खरवडायचा, जरा निवू द्यायचं आणि खालून बोटानं बटण दाबायचं. सांडणं नाही, भाजणं नाही. खर्च 450 रुपये. बिलाचा फोटो विक्रेत्याला पाठवलाय.

सध्या तीन तारे. 450 आले की चार करीन.