सीलबंद खोक्यातला स्टीमर आणि गेलेले 7,278 रुपये

मंगल कार्यालयांत भरणाऱ्या ‘कारखान्यातून थेट ग्राहकाला’ छापाच्या प्रदर्शनातून विजेची इस्त्री किंवा कपड्यांचा स्टीमर घेण्याचा कोणाचा विचार असेल, तर त्यांनी पैसे देण्यापूर्वी हे वाचावे. दिवाळीच्या तोंडावर नाशिकमध्ये अशाच एका प्रदर्शनात माझे 7,278 रुपये गेले, वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेली इस्त्री गेली आणि पत्नीची इरकल साडी कायमची डागाळली. ही प्रदर्शने कशी चालतात हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. चार दिवसांसाठी हॉल, निम्म्याहून कमी भाव, जुन्या वस्तूच्या बदल्यात सूट, आणि पाचव्या दिवशी कोणीही नाही. मलाही ते ठाऊक होते. तरीही मी तिथे गेलो, कारण पत्नीच्या मनगटाचे दुखणे वाढले होते, जड इस्त्री तिला उचलवत नव्हती आणि हलका स्टीमर ही आमची चैन नसून गरज होती.

विक्रेत्याने हँगरला लटकवलेल्या चुरगळलेल्या शर्टावरून स्टीमर फिरवला आणि सुरकुत्या पाहता पाहता गेल्या. तो शर्ट टेरिकॉटचा होता. कृत्रिम धाग्याचे मिश्रण असलेल्या कापडाच्या सुरकुत्या थोड्या वाफेनेही सुटतात. खरी परीक्षा जाड सुती कापडाची असते. स्टीमर सुरकुत्या सैल करतो, पण उष्णता आणि दाब एकत्र मिळाल्याशिवाय सुती सदऱ्याला घडी बसत नाही, आणि खळ घातलेल्या साडीला तर इस्त्रीच हवी. तेव्हा घरून निघतानाच स्वतःचा चुरगळलेला सुती कपडा पिशवीत घालून न्या आणि त्यावर यंत्र चालवून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर तिथून निघून या.

खोक्यावर 7,990 रुपये किमतीचे स्टिकर, 1600 वॉट आणि मिनिटाला 30 ग्रॅम वाफ असे ठळक अक्षरांत छापले होते. प्रदर्शनातला भाव 3,490. एक आमच्यासाठी आणि एक मुलीसाठी, असे दोन मिळून 6,980. जुन्या इस्त्रीचे 500 वजा जाता 6,480, आणि तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचे प्रत्येकी 399 धरून एकूण 7,278 रुपये झाले. खोके उघडून पाहतो म्हणालो, तर तो मुलगा अदबीने म्हणाला, “काका, सील फोडलं की वॉरंटी जाते. पीस हाच आहे, डेमो तुम्ही पाहिलाच की.”

त्यानंतरचा क्षण मला अजून छळतो. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइलच्या पडद्यावर कंपनीचे नाव यायला हवे होते. तिथे एका व्यक्तीचे नाव आले. ते मी वाचले. पिन टाकण्यापूर्वी थांबलो आणि विचारलेही. “आमचे अकाउंटंट आहेत, काका, जीएसटीचं काम चालू आहे म्हणून,” असे उत्तर आले. मागे रांग होती, माणसे पुढे सरकत होती, पत्नी हातात खोकी घेऊन उभी होती. त्या गर्दीत एका नावावरून वाद घालत बसणारा माणूस मी नाही, आणि माझ्या जागी दुसऱ्या कोणीही तेवढ्यावर पैसे दिलेच असते, असे मला आजही वाटते. पण ते नाव म्हणजेच सगळी फसवणूक होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेली होती. पडद्यावरचे नाव आणि पावतीवरचे नाव जुळत नसेल, तर एक रुपयाही देऊ नका. पावतीसुद्धा पावती नव्हतीच. ‘एस्टिमेट’ असे शीर्षक असलेला, जीएसटी क्रमांक नसलेला, हाताने लिहिलेला कागद होता तो.

घरी पाणी भरून स्टीमर सुरू केला, तर वाफेऐवजी तांबूस पाण्याचे थेंब उडाले. साडीवरचा तो डाग ड्रायक्लीनरने 350 रुपये घेऊनही निघाला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा पुढच्या धातूच्या पट्टीला बोट लागताच पत्नीच्या हाताला झिणझिण्या आल्या. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने प्लगचा स्क्रू काढून आतला भाग माझ्यासमोर धरला. बाहेर तीन पिना होत्या, आत ताराच दोन होत्या. अर्थिंगची जाड पिन नुसती शोभेला बसवली होती. तिला काहीही जोडलेले नव्हते. धातूचा भाग उघडा असलेल्या आणि पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात असे करणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणे आहे, आणि 7,278 रुपयांपेक्षा मला याचाच संताप अधिक आहे.

त्याच्या क्लॅम्प मीटरने 3.3 अँपिअर दाखवले, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 760 वॉट. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे पुढचे गणित मला कोणी सांगावे लागले नाही. नळाच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 2,600 ज्यूल ऊर्जा लागते. मिनिटाला 30 ग्रॅम वाफ हवी असेल, तर किमान 1300 वॉट हवेत. 760 वॉटमधून 18 ग्रॅमसुद्धा निघू शकत नाहीत. शिवाय घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा 1380 वॉटच्या आसपास असते, त्यामुळे 1600 वॉटच्या यंत्राला 16 अँपिअरचा मोठा प्लगच हवा. प्रदर्शनातल्या यंत्राला तो होता, खोक्यातल्याला बारीक पिनांचा होता. डेमोचा पीस वेगळा आणि विकायचा वेगळा, हे सील न फोडू देण्यामागचे खरे कारण.

खोक्यावर आयएसआयचे चिन्हही होते. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. इथे दोन्ही नव्हते. हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो. विजेच्या इस्त्रीला तर हे चिन्ह सक्तीचेच आहे. उत्पादकाचा पूर्ण पत्ताही खोक्यावर नव्हता, जो 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार असलाच पाहिजे.

आता यंत्रणेविषयी. हॉलच्या व्यवस्थापकाने “आम्ही फक्त भाडे घेतो” असे सांगून भाडेकरूचे नाव देण्यास नकार दिला. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. पोलीस ठाण्यात प्रकरण दिवाणी स्वरूपाचे ठरवले गेले आणि “काका, एवढ्याशा रकमेसाठी कुठे धावपळ करता?” असे ऐकून घ्यावे लागले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीला किमान रकमेची अट कुठे आहे? खोटे चिन्ह छापलेली, शॉक देणारी वस्तू शेकडो घरांत गेली असेल, तर ती रक्कम एवढीशी राहते का? ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, मी राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. पण तक्रार कोणाविरुद्ध लिहायची? प्रतिवादीचे नाव आणि पत्ता लागतो. तो हॉलकडे आहे, बँकेकडे आहे, पोलिसांना एका पत्राने मिळू शकतो, आणि फसवल्या गेलेल्या माणसाला मात्र कोणीही देत नाही. माझ्या अर्जाची पोच मिळाली आहे, तपास नाही.

यूपीआयने पैसे गेले असतील, तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा; मी तो उशिरा केला, कारण फसवणूक कळायलाच वेळ लागला. वस्तूविषयीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंदवता येते.

मुलीसाठी घेतलेला दुसरा स्टीमर मी तिला दिलेला नाही. तो पुरावा म्हणून सीलसह ठेवला आहे. नाशिकमध्ये याच सुमारास कोणी असा स्टीमर घेतला असेल, तर तो आधी बंद करा आणि जाणत्या माणसाकडून प्लग उघडून पाहा. खोके, एस्टिमेटचा कागद आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट फेकू किंवा पुसू नका. समान तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते, आणि क्यूआर कोडवर आलेले नाव आपणा सर्वांकडे एकच निघाले, तर रक्कम एवढीशी आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही.