ऑक्टोबरात नवख्या माणसाला कनू कॅम्पिंगला न्यायचं असेल तर: मे ते ऑक्टोबर सामान वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, निमुळती होडी, भाड्याने घ्या. पैसे खर्चायचेच असतील तर झोपायच्या सामानावर आणि एका चांगल्या ताडपत्रीवर खर्चा. बाकीच्या वस्तूंचं बरंवाईट खाली आहे.

मी कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसागात राहते. तळ्यांचं आणि जंगलाचं अल्गॉन्क्विन पार्क गाडीने साडेतीन तासांवर. मे महिन्यात, ब्लॅक फ्लाय नावाच्या चावऱ्या माशांच्या ऐन हंगामात, जाळीच्या टोप्या घालून आम्ही सुरुवात केली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वहिनीला घेऊन गेलो, ती या मोसमाची शेवटची फेरी. वहिनीला पोहता येत नाही, आणि तंबूत झोपण्याचा तिचा अनुभव म्हणजे राजमाचीची एक रात्र. त्यामुळे उन्हाळाभर मला चाललेल्या वस्तूंची खरी परीक्षा तिच्या वेळी झाली.

कनू. विकत घ्यायचा विचार दर महिन्याला होतो आणि दर महिन्याला गाडीच्या टपाकडे आणि अपार्टमेंटच्या बाल्कनीकडे बघून मावळतो. भाड्याने घेताना केव्हलारचीच (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) मागा. सोळा-सतरा फुटी केव्हलारची कनू साधारण वीस किलोची असते, म्हणजे इथल्या देशी दुकानातल्या चाळीस पौंडी बासमतीच्या गोणीपेक्षा जेमतेम जड. प्लास्टिकची तीसच्या पुढे जाते, आणि हा फरक पाण्यात नाही, पोर्टेजवर कळतो. पोर्टेज म्हणजे दोन तळ्यांमधली पायवाट, जिथे होडी उपडी करून खांद्यावर घ्यायची आणि चालायचं. केव्हलारचा तोटा असा की खडक तिला अजिबात खपत नाही. काठाला टेकवून उतरता येत नाही; घोटाभर पाण्यात पाय घालूनच उतरावं लागतं. जुलैत त्याची मजा वाटते. ऑक्टोबरात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नसतील तर पहिल्यांदा उतरतानाच पाय गारठतात आणि मग माणूस दिवसभर कुरकुरतो. वहिनीसाठी बूट आधीच आणून ठेवले होते, पैसे वसूल. आणखी एक: कनू हलकी असल्याने वाऱ्यावर भरकटते. जड सामान मधोमध, तळाशी ठेवलं की जागेवर राहते.

मार्ग निवडणं हा खरं तर सामानाचा भाग नाही, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे. आम्ही ‘कनू लेक’ या तळ्यावरून ‘जो लेक’ या तळ्यावर गेलो. मध्ये धरणाशेजारून एकच पोर्टेज, २९५ मीटरचं, रुंद आणि मळलेलं. नवख्या माणसाला एवढं पोर्टेज असावंच; एकही नसेल तर सहल कशाची असते ते कळत नाही आणि तीन असली तर पुन्हा यायचं नाव काढत नाही. ओपेओंगो सुंदर आहे, पण पार्कातलं सगळ्यात मोठं तळं, वारा सुटला की लाटा उठतात. तिथे पहिल्यांदा कुणाला नेऊ नका. कनू लेकही दुपारनंतर खवळतं, म्हणून सकाळी निघायचं आणि पाणी कितीही शांत दिसलं तरी किनारा धरून चालायचं. हेहर्स्ट पॉइंटला चित्रकार टॉम थॉमसनचं स्मारक लागतं. तो याच तळ्यावर १९१७ च्या जुलैत कनू घेऊन निघाला आणि परत आला नाही. ही माहिती वहिनीला मी परतीच्या वाटेवर दिली.

पार्कातल्या मुक्कामाचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरची रात्र मे महिन्यात ठरवावी लागते. बुक होतं ते तळं, जागा नाही. तळ्यावर पोचलात की नारिंगी पाटी असलेली जी जागा रिकामी दिसेल ती तुमची (पिवळी पाटी पोर्टेजची). म्हणूनही सकाळी निघणं बरं. आणि शक्यतो आठवड्याच्या मधले वार घ्या. रंग बघायला शनिवार-रविवारी अख्खं टोरांटो पार्कातून जाणाऱ्या हायवे ६० वर येतं. शुगर मेपल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास लाल होतात. थँक्सगिव्हिंगपर्यंत (इथे तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो) ते बरेचसे झडलेले असतात आणि पिवळ्या ॲस्पेनची, मग सुईसारख्या पानांच्या टॅमरॅकची पाळी येते. आम्हाला लाल थोडाच मिळाला. वहिनीला पिवळा जास्त आवडला, त्यामुळे तक्रार नाही.

लाइफ जॅकेट स्वतःचं घेतलं, आणि ते मात्र घ्याच. भाड्याचं असतं ते सगळ्यांच्या मापाचं, म्हणजे कुणाच्याच नाही: वल्हवताना खांद्याला घासतं आणि पाण्यात वर सरकून हनुवटीला येतं. जाड स्वेटर घालून त्यावर मापून घ्या, कारण ऑक्टोबरात ते तसंच घालायचंय. कायद्याने होडीत शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि किमान १५ मीटरचा तरंगणारा दोर लागतो. हा संच भाड्याच्या कनूबरोबर मिळतो, पण निघण्याआधी उघडून बघा. गार पाण्याचं इथलं गणित एक-दहा-एक असं सांगतात: पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण तास. मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी ही मांडणी केली. तिन्ही आकडे अंगात जॅकेट आहे असं धरून आहेत. ते पायाखाली ठेवलेलं असेल तर पहिल्या मिनिटातच सगळं संपू शकतं. वहिनीला हे निघण्यापूर्वी, घरी, चहा पिताना सांगितलं. धक्क्यावर सांगून माणूस फक्त घाबरतो.

तरीही बसताना ती ओरडलीच. “ताई, हे डुलतंय!”

“डुलू दे. गुडघे टेक, मधोमध राहा, कडेला धरू नकोस.”

गुडघ्यांखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा ठेवला होता. या मोसमातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू ती. गुडघे टेकले की वजन खाली येतं आणि होडी थांबते. अर्ध्या तासात ती पुढे बसून गाणं म्हणत वल्हवत होती. वळवायचं काम मागच्याचं. मागच्याला वल्हं शेवटी बाहेरच्या बाजूला वळवणारा जे-स्ट्रोक यायला हवा, नाहीतर कनू गोल फिरत राहते. तो उन्हाळ्यात शिकून ठेवा, पाहुण्यासमोर नको.

झोप. इथे मी सढळ हाताने खर्च केला आणि त्याचं समाधान आहे. स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात जो आकडा छापतात तो बरेचदा ‘लिमिट’ असतो, म्हणजे कुडकुडत का होईना रात्र निघते तो. लेबलवर बारीक अक्षरात ‘कम्फर्ट’ असतं, ते बघून घ्या. ऑक्टोबरात रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो, तेव्हा कम्फर्ट उणे पाचच्या आसपासची बॅग बरी. त्याहून महत्त्वाची खालची गादी. अंगाखाली दबलेल्या बॅगेत ऊब राहत नाही, जमीन ती खेचून घेते. आर-व्हॅल्यू (गादी ऊब किती धरते त्याचा आकडा) चारच्या वर असलेली, हवा भरायची गादी घेतली. जूनमध्ये गरजेपेक्षा जास्त वाटली होती, ऑक्टोबरात नाही. दोष एकच: रात्री कूस बदलली की चुरमुऱ्याची पिशवी तुडवल्यासारखा आवाज होतो. वहिनी सकाळी विचारत होती, रात्री काय खात होतात म्हणून.

अंधार सातच्या सुमारास होतो हे लक्षात ठेवा. म्हणजे जेवण, भांडी, सगळं साडेसहाला उरकायचं, आणि पुढे बारा तास रात्र. हेडलॅम्प प्रत्येकाला वेगळा. तीन मीटर बाय तीन मीटरची ताडपत्री, झाडांना दोर बांधून, याच लांब संध्याकाळीसाठी. आम्हाला एक संध्याकाळ भुरभुर पाऊस लागला आणि ती नसती तर सहाला तंबूत शिरून एकमेकींची तोंडं बघत बसलो असतो.

स्टोव्ह. घरी जेवणाच्या टेबलावर ठेवून वापरतात तो ब्यूटेनचा चपटा स्टोव्ह उन्हाळ्यात झकास चालला. पण ब्यूटेन शून्याच्या जरासं खाली गेलं की वायू व्हायचंच थांबतं, आणि शून्याच्या जवळ आलं तरी ज्योत मरगळते. सप्टेंबरच्या एका पहाटे चहाला पाऊण तास लागला. ऑक्टोबरात आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा नेला, काम झालं. पार्कात तळ्यांवर जाताना खाण्याचे टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. इंधनाचा डबा चालतो, कंडेन्स्ड मिल्कचा नाही. आमची कोजागिरी नेमकी याच सहलीत आली, तेव्हा दूध पावडर, वाटलेले बदाम-पिस्ते आणि केशर झिपलॉकमध्ये भरून नेलं. मसाला दूध पावडरचं असूनही छान झालं. थोडं करपलं, पण पातेल्याला.

शेवटी खाण्याचं पिंप. साठ लिटरचं निळं प्लास्टिकचं, वर धातूच्या कड्याचं झाकण. पाणी आत जात नाही, उलटं करून बसायला होतं, खारींना दाद देत नाही. मात्र ते अस्वलापासून सुरक्षित आहे असं दुकानदार सांगेल ते मानू नका. जमिनीपासून चारेक मीटर उंच आणि खोडापासून दोनेक मीटर लांब टांगायचंच. भरलेलं साठ लिटरचं पिंप दोघींना वर चढवताना दम निघतो. दोन-तीन माणसांना तीस लिटरचं पुरतं. पाठीवर घ्यायचे पट्टे वेगळे घेतले होते, त्यांची शिवण ऑगस्टमध्येच खांद्यापाशी उसवली. विक्रेत्याने ‘जास्त वजन घातलं असेल’ म्हणून हात वर केले. मोच्याच्या जाड दोऱ्याने घरी शिवले, ती शिवण अजून टिकून आहे. आणि झाकणाच्या आतलं रबरी कडं. त्यात हिंग आणि गोडा मसाला असा मुरलाय की व्हिनेगर, बेकिंग सोडा, ऊन, काहीही लागू पडत नाही. सुटं कडं विकत मिळतं, ते मागवलंय. हिंग यापुढे दोन झिपलॉकमध्ये.