४७ एचपी ट्रॅक्टर, ६४० तास आणि डिझेल लाइनचं एक वायसर

मीटरवर ६४० तास झाले. दहा महिन्यांत केळीची वाहतूक, रोटाव्हेटर, पऱ्हाट्या उपटणं, टँकर ओढणं, सगळी कामं झाली. एचपी, गिअर, हायड्रॉलिकची उचल हे घेणाऱ्याला पाठ असतं, म्हणून त्यात जागा घालवत नाही. लिहायचं आहे ते टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतलं डिझेल ओढणारा छोटा पंप) दोन-अडीच फूट डिझेल लाइनबद्दल. सातपुड्यातल्या मनुदेवीच्या देवळात जाऊळ, ट्रॉली भरलेली, पहाटे पाचला निघायचं, आणि आदल्या संध्याकाळी सहाला ट्रॅक्टर लोडवर बंद पडायला लागला. अशा वेळी हातात वेळ तीन तासांचा असतो आणि त्यातला प्रत्येक चुकीचा नट अर्धा तास खातो.

आधी लक्षण नीट बघायचं. स्टार्ट एका सेल्फात होतो. गावात, रिकामा, उताराला काहीच जाणवत नाही. भरलेली ट्रॉली जोडून चढ लागला की आरपीएम १८०० वरून हजारापर्यंत उतरतो, इंजिन गचके खातं आणि बंद पडतं. दोन-तीन मिनिटं थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. धूर काळा नाही, पांढुरका आणि तुटक. यातच अर्धं निदान आहे. एअर क्लीनर तुंबला असता तर धूर काळा आला असता. क्लच घसरला असता तर उलट आरपीएम चढला असता, ट्रॉली जागची हलली नसती आणि जळका वास आला असता. इंजिन तापलं असतं तर काट्यानं आधी सांगितलं असतं. ताकद जाते, धूर काळा नाही, थांबलं की बरं होतं: डिझेल पोहोचत नाही किंवा डिझेलसोबत हवा जाते आहे.

पहिली तपासणी फुकट आहे. टाकीचं झाकण सैल करून तोच चढ परत चढवायचा. झाकणाच्या भोकात काळ्या मातीची धूळ आणि डिझेल मिळून गोळा बसतो, आत हवा शिरत नाही आणि टाकी डिझेल सोडत नाही. झाकण सैल केल्यावर ट्रॅक्टर ओढायला लागला तर भोक तारेनं मोकळं करा, काम संपलं. इथे फरक पडला नाही.

दुसरी तपासणी कॅनची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये तीन लिटर ताजं डिझेल, त्यातून पारदर्शक पाईप सरळ फीड पंपाच्या तोंडाला. कॅन टाकीच्या उंचीवर, सायलेन्सरपासून लांब, दोरीनं पक्का बांधायचा. असं करून ट्रॅक्टर चढ चढला तर फीड पंप, फिल्टर, मोठा पंप (नोझलला दाबानं डिझेल देणारा) आणि नोझल यांच्यावर शंका घ्यायची गरज नाही. दोष कॅनच्या अलीकडे, म्हणजे टाकी, कॉक, पाईप आणि जोड यांच्यात. इथे ट्रॅक्टर दोन वेळा चढला. पंधरा मिनिटांत मोठा पंप निर्दोष सुटला, हे पुढे महत्त्वाचं आहे.

तिसरी तपासणी डोळ्यांची. टाकी पंपापेक्षा उंच असली तर लोकांना वाटतं की जोड सैल असेल तर डिझेल टपकेल आणि लगेच दिसेल. तसं होत नाही. बारीक फटीतून उभ्या ट्रॅक्टरला डिझेल फक्त पाझरतं, थेंब पडत नाही. इंजिन जोरात डिझेल मागायला लागलं की त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. म्हणून थेंब शोधायचा नाही, ओली धूळ शोधायची. सगळी लाइन कोरड्या फडक्यानं पुसा, रात्रभर किंवा निदान तासभर उभा ठेवा, वरून थोडी राख किंवा पावडर उडवा. जिथे ती ओली होईल तो जोड. इथे ती जागा निघाली फीड पंपाच्या तोंडाच्या बॅन्जो बोल्टखाली (पाइपाच्या टोकाची कडी, म्हणजे बॅन्जो, पंपावर धरणारा बोल्ट). गावातल्या मेकॅनिकनं एका वाक्यात सांगितलं, "भो, हवा घेऊन राह्यलं हे."

आता वायसर, म्हणजे वॉशर. बॅन्जो बोल्ट आतून पोकळ असतो आणि त्याला दोन वायसर लागतात, एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक बॅन्जोच्या खाली, दोन्ही तांब्याची, इथे १४ मिमी भोकाची. तांब्याचं वायसर पहिल्यांदा आवळताना दबतं आणि दोन्ही बाजूंच्या रेषा बुजवतं. तेच काम. एकदा दबलेलं वायसर कडक होतं, दुसऱ्यांदा आवळलं तरी दबत नाही आणि केसाएवढी फट राहते. पहिल्या सर्व्हिसला फिल्टर बदलताना लाइन सोडली गेली आणि जुनीच वायसर परत लावली. काढलेल्या वायसरवर दोन गोल रेघा होत्या, एकीच्या शेजारी दुसरी. दोनदा आवळल्याची खूण.

नवं वायसर रात्री मिळालं नाही तर जुनं परत मऊ करता येतं. पकडीत धरून गॅसच्या आचेवर लाल होईपर्यंत तापवायचं, मग पाण्यात टाकायचं. पोलाद असं कडक होतं, तांबं मऊ होतं. नंतर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासायच्या, रेघ जाईपर्यंत. हे एका रात्रीसाठी चालतं, पुढे दुकान उघडलं की नवंच टाकायचं. ॲल्युमिनिअमचं किंवा फायबरचं जे हाताला लागेल ते बसवू नका, ते एकदा चेपलं की परत आवळता येत नाही. बोल्ट पोकळ आहे, लांब पाइप लावून पाना ओढला तर मानेतून तुटतो. हातानं बसवायचा आणि नंतर पान्यानं सुमारे पाव आटा, म्हणजे पाव फेरा.

लाइन उघडली की हवा काढावीच लागते आणि इथेच लोक बॅटरी संपवतात. क्रम चुकवू नका. कॉक उघडा, टाकी निदान अर्धी असू द्या. पहिल्या, कापडी फिल्टरचा हवेचा स्क्रू एक-दीड आटा सैल करा, फीड पंपाचा हँड प्रायमर (हातानं डिझेल ढकलायचा दट्ट्या) मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा, थांबून आवळला तर हवा परत शिरते. मग दुसरा, कागदी फिल्टर, मग मोठ्या पंपाचा स्क्रू, तसंच. एवढ्यानं बहुतेक वेळा इंजिन चालू होतं. नाही झालं तर दोन नोझलच्या पाइपचे नट अर्धा आटा सैल करा, थ्रॉटल पूर्ण, आणि सेल्फ दहा सेकंद. नंतर मिनिटभर थांबा, सेल्फला आणि बॅटरीला श्वास घेऊ द्या. नटातून डिझेल आलं की आवळा. इंजिन चालू असताना त्या नटाजवळ बोट नेऊ नका. तिथला दाब डिझेल कातडीच्या आत घुसवतो आणि ती जखम बाहेरून लहान दिसली तरी थेट दवाखान्याची असते.

शोरूमबद्दल. नाव देत नाही. साडेसहाला फोन केला तर उत्तर आलं की सोमवारी आणा, पंप खोलावा लागेल. लक्षण ऐकून घेतलं नाही, कॅनची तपासणी विचारली नाही. नंतर पंपाच्या कामाचा अंदाज अकरा हजारांचा सांगितला आणि वायसर वॉरंटीत येत नाही असंही. सहा वायसरचे साठ रुपये झाले. राग पैशांचा नाही. ज्यांनी लाइन उघडली त्यांनी दोन वायसर नवी टाकली असती तर हा विषयच नव्हता. पहिल्या सर्व्हिसला समोर उभं राहा, वायसरचं पाकीट समोर फोडायला लावा आणि जॉब कार्डावर लिहून घ्या.

*तीन आठवड्यांनी घातलेली भर.* वरचा मजकूर तसाच ठेवतो, पण मत थोडं बदललं आहे. पुढच्या चाळीस तासांत ट्रॅक्टरनं एकदा परत तसंच केलं, नवी वायसर असूनही, फक्त कमी. टाकी रिकामी करून कॉक काढला तर आतल्या जाळीवर तपकिरी गाळ, जेलीसारखा. जाळी पाऊण बुजलेली. म्हणजे गोष्ट अशी: जाळी तुंबली, डिझेल हळू उतरायला लागलं, फीड पंप जोर लावायला लागला आणि तो जोर कमजोर वायसरवर आला. एकटं वायसर असतं तर केळीच्या ट्रॉलीलाही आधीच त्रास झाला असता. गाळ एरवी कॅनमधून आणून भरलेल्या डिझेलचा आहे, पेट्रोल पंपावरून सरळ टाकीत भरलं तर इतका साचत नाही. म्हणून एकट्या वायसरला दिलेला दोष अर्धा मागे घेतो. शोरूमला दिलेला घेत नाही, तपासणी न करता पंप खोला म्हणणं हे दोन्ही बाबतीत चुकीचंच.

आता जाळी दर २०० तासांनी काढून डिझेलमध्ये धुतो, फिल्टरच्या भांड्यातलं पाणी आठवड्यातून एकदा सोडतो. कॅननं भरायचंच तर कॅन रात्रभर स्थिर ठेवून वरचं डिझेल फडक्यातून गाळायचं, तळाचा अर्धा लिटर टाकीत घालायचा नाही. संध्याकाळी टाकी भरून ठेवली की थंडीत आत घाम धरत नाही.

आणि त्या संध्याकाळसाठी एक गणित. रात्री नऊपर्यंत ट्रॅक्टर चढ चढला नाही तर दुरुस्ती थांबवायची. छोटा हत्ती सांगायचा तर त्यात पाऊण टनाच्या आसपास माल बसतो. ५०० लिटर पाण्याची टाकी भरली तर तीच अर्धा टन, म्हणून पाणी तिथेच बघायचं आणि भांडी, गोवऱ्या, बट्टीचं पीठ, ताडपत्री एवढंच न्यायचं. माल हलवायला चार माणसांना तास लागतो. दुसऱ्याचा ट्रॅक्टर मिळाला तर चार गोष्टी रात्रीच जोडून बघा: पिन हुकच्या भोकात सैल नाही ना, पिनला खालून क्लिप आहे ना, ट्रॉलीचा दांडा सपाट बसतो का, आणि मागच्या दिव्यांचा प्लग जुळतो का. दांडा उंच जोडून चढ चढलात तर पुढची चाकं उचलतात. ट्रॉली मालासाठी आहे, बायका-पोरांना वेगळी गाडी करा. आधीच ट्रॉलीत बसवायचा बेत असेल तर ट्रॅक्टर बंद पडला हे बरंच झालं.

भर रस्त्यात, वाटेवरच्या किनगाव-साकळीच्या पट्ट्यात थांबला तर आधी ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मग पिन काढायची. दगडाआधी पिन काढली तर ट्रॉली उताराला निघते. बंद ट्रॅक्टर ओढायचा तर दोराऐवजी लोखंडी दांडा, दोन्ही गिअर लिव्हर न्यूट्रलला, चालण्याच्या दुप्पट वेगापेक्षा जास्त नाही. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, स्टिअरिंगवर दमदार माणूसच बसवा.

बाकी ट्रॅक्टर: ट्रॉली जोडून डिझेल ठीक, ब्रेक चांगले, सीट पाठ धरते. टूलबॉक्समध्ये सध्या १७ आणि १९ चा पाना, प्लास, दोन मीटर पारदर्शक पाईप, कापडी आणि कागदी फिल्टर एक-एक, आणि काडेपेटीच्या डबीत दहा तांब्याची वायसर.