गॅलागा : स्वतःहून गमावलेले यान परत मिळवण्याचा खेळ

नामको या जपानी कंपनीने 1981 साली आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांसाठी, काढलेला ‘गॅलागा’ हा अंतराळयुद्धाचा खेळ आज विकत घेऊन खेळावा का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे, आणि त्यामागे जुन्या दिवसांची ओढ हे कारण नाही. त्या काळातले कितीतरी खेळ आज पाच मिनिटांत कंटाळा आणतात. गॅलागा तसे करत नाही, कारण त्याच्या मुळाशी एक विलक्षण सौदा आहे : आपले एक यान जाणूनबुजून शत्रूच्या हाती द्यायचे, जीव धोक्यात घालून ते सोडवायचे आणि मग दोन याने जोडीने चालवायची. खेळ या सौद्याची सक्ती कधीच करत नाही. तो टाळूनही पुढे जाता येते. पण एकदा त्याची गोडी लागली की तो टाळवत नाही.

टायटो कंपनीच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ने 1978 मध्ये या प्रकाराचा पाया घातला. तिथे शत्रूंच्या रांगा एकत्र सरकत खाली येत. नामकोने 1979 मध्ये काढलेल्या ‘गॅलेक्सियन’मध्ये शत्रू रांग सोडून एकेकटे अंगावर झेपावू लागले. शिगेरू योकोयामा यांनी रचलेल्या गॅलागामध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले : इथे लढाईच्या आरंभी वरचे आकाश रिकामे असते आणि शत्रू आठ-आठच्या पाच तुकड्यांनी गिरक्या घेत पडद्यावर शिरतात. वीस मधमाश्या, सोळा फुलपाखरे आणि सर्वांत वर चार ‘बॉस’ असे चाळीस जण आपापल्या जागी बसेपर्यंत जे काही क्षण मिळतात, त्यांत कोणती तुकडी कोणत्या बाजूने येते हे लक्षात ठेवणाऱ्या खेळाडूला निम्मी फौज बसण्याआधीच गारद करता येते. पाठांतराला इतके रोख बक्षीस देणारा आणि तरीही केवळ पाठांतरावर न जिंकता येणारा खेळ मला दुसरा सहज आठवत नाही.

आपल्या हाती डावी-उजवीकडे हलणारी एक दांडी आणि गोळी झाडण्याचे एक बटण, एवढेच असते. यात दडलेला एक नियम मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. आपल्या गोळ्या एका वेळी पडद्यावर दोनच राहू शकतात. नेम चुकला, तर ती गोळी वरच्या कडेपर्यंत जाऊन नाहीशी होईपर्यंत तिची जागा अडलेली राहते, आणि दोन्ही गोळ्या वाया गेल्या असतील तर समोरून येणाऱ्या फुलपाखरापुढे बटण कितीही बडवले तरी काही सुटत नाही. उलट शत्रू अगदी जवळ असेल तर गोळी लगेच लागते, जागा लगेच मोकळी होते आणि झाडण्याचा वेग आपोआप वाढतो. म्हणजे धीर धरून शत्रूला जवळ येऊ देणाऱ्याचे शस्त्र अधिक वेगवान ठरते. हा नियम पडद्यावर कुठेही लिहिलेला नाही. तो बोटांना कळतो. खेळ संपल्यावर झाडलेल्या गोळ्या, लागलेल्या गोळ्या आणि त्यांची टक्केवारी यांचा हिशेब यंत्र समोर मांडते, तेव्हा आपण किती उतावीळपणे खेळलो हे आकड्यांत दिसते.

आता त्या सौद्याविषयी. वरच्या रांगेतला हिरवा बॉस कधीकधी झेप घेता घेता पडद्याच्या मध्यावर थांबतो आणि खाली निळसर किरणांचा पंखा उघडतो. त्यापासून दूर पळणे सोपे असते. पण आपण मुद्दाम त्याखाली जाऊन उभे राहिलो, तर यान गरगर फिरत वर ओढले जाते, लाल होते आणि बॉसबरोबर शत्रूच्या गोटात जाऊन बसते. आपल्याकडे शिल्लक यान असेल तर ते मैदानात येते. नसेल तर खेळ तिथेच संपतो. यापुढची काही सेकंदे संपूर्ण खेळाचा अर्क आहेत. बॉसला मारण्यासाठी दोन गोळ्या लागतात आणि पहिल्या गोळीने त्याचा हिरवा रंग निळा-जांभळा होतो. तो कैदी यानासह झेपावत असतानाच त्याला मारले तरच आपले यान सुटते. तो रांगेत बसलेला असताना मारला, तर कैदी आपल्यावरच उलटतो. शिवाय नेम जरा हलला आणि गोळी कैद्याला लागली, तर आपणच आपले यान नष्ट करतो. अंगावर येणारा बॉस, त्याच्या मागे आपले लाल यान, बाजूने सुटणाऱ्या गोळ्या आणि त्या सर्वांत अचूक दोन नेम, हे साधले की सुटलेले यान पुन्हा पांढरे होऊन गिरकी घेत आपल्या शेजारी येऊन जोडले जाते.

मिळालेले बळही निर्भेळ नसते, आणि मला योकोयामांची खरी प्रतिभा इथे दिसते. जोडयानाच्या गोळ्या दुहेरी सुटतात, पण त्याची रुंदीही दुप्पट असते. पूर्वी ज्या फटीतून निसटता येत असे, तिथेच आता एक यान गमवावे लागते. गुणांची मांडणीही याच स्वभावाची आहे. रांगेत बसलेल्या बॉसला मारले तर 150 गुण, एकटा झेपावताना मारले तर 400, आणि दोन साथीदारांना घेऊन येताना मारले तर 1600. सुरक्षित खेळणाऱ्याला खेळ शिक्षा करत नाही, परंतु धोका पत्करणाऱ्याचे मोल तो दरवेळी उघडपणे चुकते करतो.

तिसऱ्या स्टेजला आणि पुढे दर चौथ्या स्टेजला ‘चॅलेंजिंग स्टेज’ येते. तिथे चाळीस शत्रू केवळ नक्षीदार उड्डाणे करून निघून जातात, गोळ्या झाडत नाहीत. सर्व चाळीस टिपले तर 10,000 गुण मिळतात, आणि जोडयान हाती असेल तर हे काम कितीतरी सोपे होते, त्यामुळे तो सौदा पुन्हा डोक्यात घोळू लागतो. नोबुयुकी ओनोगी यांच्या छोट्या, उत्साही धुना ध्वनियंत्राच्या अवघ्या तीन स्वरवाहिन्यांतून वाजतात आणि आजही ऐकाव्याशा वाटतात.

उणिवा आहेत. बऱ्याच स्टेज पार केल्यावर नवे काही फारसे येत नाही. मूळ प्रोग्राममध्ये एक प्रसिद्ध चूकही आहे : पहिल्या स्टेजमध्ये डाव्या कडेच्या ठरावीक मधमाश्या जिवंत ठेवून, त्यांना चुकवत बराच वेळ काढला, तर शत्रू गोळ्या झाडणेच बंद करतात आणि पुढेही झाडत नाहीत. ही युक्ती वापरू नये, असे मी कळकळीने सांगेन, कारण ती ज्या गोष्टीसाठी हा खेळ खेळायचा तीच काढून घेते.

कोणती आवृत्ती घ्यावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 1990 च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये अनेकांनी जो गॅलागा पाहिला, तो घरगुती फॅमिकॉम यंत्रासाठीचा 1985 चा अवतार होता. तो प्रामाणिक आहे, पण टीव्हीच्या आडव्या पडद्यात मूळच्या उभ्या मैदानाची उंची हरवते, आणि ज्या खेळात शत्रूला जवळ येऊ देण्याचा निर्णय सर्वांत मोठा, तिथे उंची म्हणजे विचाराला मिळणारा वेळ असतो. म्हणून मूळ आर्केडचे हुबेहूब रूप देणारी हॅमस्टर कंपनीच्या ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ मालिकेतली आवृत्ती निवडावी. तिच्यात दोन्ही कडांना मोकळी जागा राहते. ती खुपत असेल आणि मॉनिटर उभा फिरवण्याची सोय असेल, तर तसा फिरवून खेळावे. फोनच्या काचेवर हा खेळ खेळू नये, कारण दांडीचा प्रतिकार बोटाला जाणवल्याशिवाय यान केसभर सरकवणे जमत नाही.

नव्याने खेळणाऱ्याने सौदा पहिल्याच स्टेजमध्ये करावा. नेहमीच्या मांडणीत हाती तीन याने असतात, तेव्हा एक देणे परवडते. आधी मधमाश्या आणि फुलपाखरे जवळजवळ संपवावीत, एखादा बॉस शिल्लक ठेवावा आणि मगच किरणांखाली जावे, म्हणजे सोडवणुकीच्या वेळी बाजूने येणाऱ्या गोळ्या कमी असतात आणि लक्ष फक्त बॉस व त्याच्या मागच्या लाल यानामधल्या अंतरावर ठेवता येते.