प्रोपिओनेटच्या कॅप्सूल: एमएस असताना घ्याव्यात का, आणि डबीवर काय वाचावं

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मज्जासंस्थेवर हल्ला करते), असलेल्यांना विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांपैकी बऱ्याचशा निव्वळ आशेवर खपतात. प्रोपिओनेटचं तसं नाही. आतड्यातल्या एका रसायनाचा रोगप्रतिकारक पेशींवर होणारा परिणाम इथे एमएस असलेल्या माणसांच्या रक्तात मोजला गेलाय. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर. आमचं मत आधीच सांगून टाकतो: माल खरा आहे, दावा अर्धाच सिद्ध झालाय, आणि डबीवरचा आकडा न वाचता घेतलात तर त्या अर्ध्यातलंही निम्मं हातचं जाईल.

आधी वस्तू काय ते पाहू. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट साधारण 60:20:20 या प्रमाणात तयार होतात. कॅप्सूलमध्ये यातलं मधलं तेवढं भरलेलं असतं, तेही क्षाराच्या रूपात. शुद्ध प्रोपिओनिक आम्ल हे कातडी भाजणारं द्रव आहे, ते कॅप्सूलमध्ये भरताच येत नाही. ई281 आणि ई282 या क्रमांकांनी पावाला बुरशी लागू नये म्हणून घालतात ते हेच क्षार, पहिला सोडियमचा, दुसरा कॅल्शियमचा. म्हणजे 'क्रांतिकारी रेणू' वगैरे वाचून भारावून जाण्याचं कारण नाही.

या कॅप्सूलचं नाव झालं ते 2020 साली 'सेल' या नियतकालिकात आलेल्या जर्मनीतल्या अभ्यासामुळे. एमएस असलेल्यांच्या रक्तात आणि शौचात प्रोपिओनेट कमी आढळलं. मग 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्यावर दोन आठवड्यांत टी-रेग पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशी, वाढल्या. त्यांचं कामही सुधारलं. मायलिनवरच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या आवरणावरच्या, हल्ल्यात ज्यांचा हात मानला जातो त्या टीएच-1 आणि टीएच-17 पेशी घटल्या. इथवर पुरावा चांगला आहे.

जाहिरातीत मात्र पुढचं वाक्य ठळक छापलेलं असतं: तीन वर्षांत रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उसळण्याचे प्रसंग, कमी झाले, मेंदूची झीज मंदावली. हे निष्कर्ष मागाहून केलेल्या विश्लेषणातले आहेत. कोणाला खरी कॅप्सूल आणि कोणाला नकली, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. जो माणूस तीन वर्षं नेमाने दोन वेळा कॅप्सूल घेतो, तो मुख्य औषध, झोप आणि जेवणही नेमाने सांभाळत असण्याची शक्यता दांडगी. त्यामुळे टी-रेगचा आकडा धरा, रिलॅप्सचा आकडा धरून चालू नका. एमएससाठी ड जीवनसत्त्वाच्या निदान काटेकोर चाचण्या तरी झाल्यात. 2023 च्या चाचणीत रोज 600 आणि 5000 युनिटमध्ये फरक दिसला नाही. 2025 च्या फ्रेंच चाचणीत आजाराच्या अगदी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी 1,00,000 युनिट दिल्यावर आजाराची हालचाल कमी दिसली. प्रोपिओनेट अजून त्या पायरीवर चढलेलं नाही.

आता डबी हातात घ्या. '500 मिलिग्रॅम' कशाचे, हा पहिला प्रश्न. सोडियम प्रोपिओनेटच्या 1000 मिलिग्रॅममधून सुमारे 770 मिलिग्रॅम आम्ल मिळतं. काही डब्यांवर क्षाराचं वजन असतं, काहींवर आम्लाचं, आणि काही ठिकाणी 'शॉर्ट चेन फॅटी अ‍ॅसिड मिश्रण' असं मोघम लिहून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट या तिन्हींचं एकत्र वजन टाकतात. ही तिसरी डबी परत ठेवा. प्रोपिओनेट किती, हे स्वतंत्र लिहिलेलं नसेल तर मात्रेचा हिशोब लागत नाही.

दुसरा प्रश्न: सोबत कोणता धातू? एक ग्रॅम सोडियम प्रोपिओनेटमधून सुमारे 240 मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं, म्हणजे 0.6 ग्रॅम मीठ. दिवसाला 5 ग्रॅम मीठ ही मर्यादा धरली तर तिचा आठवा हिस्सा इथेच संपला. गंमत अशी, की जास्त मिठामुळे टीएच-17 पेशी वाढतात असं प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर 2013 मध्ये दिसलं होतं. माणसांमध्ये मीठ आणि रिलॅप्सचं नातं नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकलं नाही, त्यामुळे घाबरायला नको. पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे सोडियम मोजायलाच हवं. कॅल्शियमच्या क्षारात दर ग्रॅममागे सुमारे 215 मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस आणि वेगळ्या कॅल्शियमच्या गोळ्या आधीच चालू असतील तर बेरीज करा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

वास. याबद्दल विक्रेते अवाक्षर काढत नाहीत. डबी उघडताच जुन्या चीजसारखा, थोडा घामट दर्प येतो. ते माल खराब झाल्याचं लक्षण नव्हे. सोडियमचा क्षार हवेतला ओलावा झपाट्याने ओढतो. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, टरफल मऊ पडलं, आत पावडरचा खडा झाला, तर झाकण ढिलं राहिलं असं समजा. ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, आणि आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत महिन्याचा साठा काढून ठेवू नका. तीन-चार दिवसांपुरत्याच काढा.

एमएसमध्ये गिळायला त्रास होणारे बरेच असतात, आणि या कॅप्सूल बऱ्यापैकी मोठ्या असतात. पावडर साध्या पाण्यात सहज विरघळते, खारट लागते, पण पिता येते. मात्र लिंबूपाण्यात किंवा फळांच्या रसात घालू नका. आंबटपणामुळे क्षारातून आम्ल सुटं होतं आणि ग्लासातूनच भपकारा येतो. जठरातही हेच घडतं, म्हणून रिकाम्या पोटी घेतल्यावर करपट ढेकरांची तक्रार येते. जेवता जेवता घ्या. आतड्यात जाऊनच फुटणारं आवरण असलेल्या कॅप्सूल मिळाल्या तर या बाबतीत त्या उजव्या, पण त्या फोडून पाण्यात टाकायच्या नाहीत.

सुरुवात एका कॅप्सूलने करा: आठवडाभर सकाळच्या खाण्यासोबत 500, पोट बरं असेल तर रात्रीची दुसरी. डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं औषध नुकतंच सुरू झालं असेल तर महिना-दीड महिना थांबा. त्या औषधानेही पहिल्या काही आठवड्यांत पोट बिघडतं. दोन्ही एकत्र सुरू केली तर दोष कोणाचा ते कळत नाही, आणि बरेचदा लोक गरजेचं औषध सोडून कॅप्सूल चालू ठेवतात. याहून महाग चूक या विषयात दुसरी नाही.

मधुमेह असलेल्यांनी जरा सबुरीने. 2019 च्या एका छोट्या अभ्यासात निरोगी माणसांना जेवणासोबत एक ग्रॅम प्रोपिओनेट दिल्यावर ग्लुकॅगॉन हे रक्तातली साखर वाढवणारं संप्रेरक वाढलं आणि इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला. घ्यायचंच ठरवलं तर डॉक्टरांना सांगून आणि साखर मोजत. प्रोपिओनिक अ‍ॅसिडिमिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांना तर हे वर्ज्यच.

मग त्यापेक्षा चोथाच का खाऊ नये? खावाच. कडधान्यं, सालासकट फळं, भाज्या आणि ओट यांतून तिन्ही आम्लं मिळतात, शिवाय ती तयार होतात थेट मोठ्या आतड्यात, जिथे कॅप्सूलमधलं फारसं पोचत नाही. पण एमएसमध्ये आतड्याची हालचाल मंद असेल तर एकदम 30 ग्रॅम चोथ्यावर उडी मारल्यावर पोट फुगतं आणि बद्धकोष्ठ वाढतो. दर आठवड्याला 5 ग्रॅम वाढवा, आणि मूत्राशयाच्या त्रासाला भिऊन पाणी तोडू नका. हे जमत असेल तर आमच्या मते कॅप्सूल दुय्यम. जमत नसेल, गिळण्यामुळे जेवणच मर्यादित असेल, तर कॅप्सूलला अर्थ आहे.

टी-रेगची तपासणी नेहमीच्या प्रयोगशाळेत होत नाही, म्हणून 'फरक पडला का' हे रक्तावरून कळणार नाही. एमआरआयमध्ये बदल दिसला तरी त्याचं श्रेय कॅप्सूलला देता येणार नाही, कारण मुख्य औषध चालूच असतं. पोट, वजन, रक्तदाब आणि साखर एवढंच लिहून ठेवा. यातलं काही बिघडलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करता येते, मात्रा हळूहळू उतरवत बसायची गरज नाही.